गवतातले आवळे

अण्णांनी पिशवीत हात घालून मूठभर आवळे काढले, मान वर करून फांद्यांकडे पाहिलं, आणि दोन पावलं डावीकडे सरकून ते गवतात सोडले. फेकले नाहीत, सोडले. काही घरंगळत गेले, काही जागच्या जागी राहिले. मग ते मागे सरले, जरा लांबून पाहिलं, आणि त्यांतले दोन उचलून खोडाजवळ ठेवले.

मी मेंदीच्या कुंपणाआड उभी होते. काखेत सतरंजी होती, हातात पाण्याची कळशी. सकाळचे पावणेसात झाले असतील. आईनं मला जागा धरायला पुढे पाठवलं होतं. अण्णा फिरायला गेलेत, असं तिनंच सांगितलं होतं.

पिशवी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. शेवटी ती झटकून, घडी करून त्यांनी कोटाच्या खिशात घातली आणि मागच्या फाटकानं निघून गेले. मी पाचेक मिनिटं थांबले आणि मग सतरंजी अंथरायला गेले.

हे १९८२ सालच्या कार्तिकातलं. मी तेवीस वर्षांची होते आणि कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होते. दिवाळीच्या सुट्टीसाठी घरी आले होते. आमच्या गावात नगरपालिकेची एकच बाग होती. पाण्याच्या टाकीशेजारी असल्यामुळे तिला सगळे टाकीची बाग म्हणत. मधोमध कमळांचा हौद, त्याभोवती गुलाबाचे वाफे, एका बाजूला झोपाळे आणि घसरगुंडी, आणि आग्नेय कोपऱ्यात हा आवळा. अण्णा तीस वर्षं त्या बागेचे अधीक्षक होते. आवळा त्यांनी बाग सुरू झाली त्या वर्षी लावला होता. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, तरी हौदातलं शेवाळ काढलं की नाही हे पाहायला रोज जात.

दर कार्तिकात आमच्या गल्लीतल्या बायका या झाडाखाली आवळी भोजन करत. झाडाची पूजा करायची, खोडाला सूत गुंडाळत प्रदक्षिणा घालायच्या आणि सगळ्यांनी मिळून तिथंच जेवायचं. लहानपणी मला त्यातलं सगळ्यात जास्त आवडायचं ते गवतातले आवळे वेचणं. फ्रॉकचा ओचा भरून मी ते आईला नेऊन द्यायची. सातवीत असताना मी अण्णांना विचारलं होतं, "झाडावर एकही कसा नाही? सगळे खालीच कसे?" अण्णा म्हणाले होते, "वारा असतो ना रात्रीचा."

त्या वर्षी मात्र भोजनाला निराळं महत्त्व आलं होतं. नगरपालिकेनं बागेत मुलांसाठी छोटी आगगाडी करायचं ठरवलं होतं आणि तिचा रूळ नेमका आग्नेय कोपऱ्यातून जात होता. गल्लीतल्या बायका लाटकरकाकूंना पुढे करून मुख्याधिकाऱ्यांना भेटायला गेल्या. मुख्याधिकारी निंबाळकर साहेब नवीन होते आणि शेतकी कॉलेजातून आलेले होते. त्यांनी सांगितलं की फळझाड तोडायचं नाही असा नगरपालिकेचा ठराव आहे. पण कार्यालयातल्या नोंदीत या झाडासमोर 'फळ धरत नाही' असा शेरा आहे. फळ धरत असेल तर रूळ वळवू, नसेल तर झाड जाईल. लाटकरकाकू म्हणाल्या, फळ धरत नाही कसं? दर वर्षी गवतात सडा पडतो. रविवारी जेवायलाच या आणि डोळ्यांनी बघा.

म्हणून त्या दिवशी अण्णांनी नेहमीपेक्षा जास्त आवळे आणले होते.

नऊ वाजेपर्यंत सगळे जमले. आई आणि लाटकरकाकू एकाच रिक्षातून उतरल्या, मांडीवर मसालेभाताचं पातेलं घेऊन. लाटकरकाकूंनी गवताकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"बघा! मी सांगत नव्हते? माणसांना कळत नाही, पण झाडाला कळतं. यंदा किती पडलेत बघा वहिनी! दुप्पट!"

"हो ना," आई म्हणाली आणि पातेलं सावलीत ठेवायला गेली.

"सुनीती, तू आता शिकलेली. सांग बरं, झाडाला संकट कळतं की नाही?"

"तसं काही वाचलेलं नाही, काकू."

"वाचलेलं नाही म्हणे. अगं, सगळं पुस्तकात असतं तर आम्ही जगलो कशा असतो?"

अण्णा सर्वांत शेवटी आले, मोठ्या फाटकानं. अंगात इस्त्रीचा कोट. त्यांनी कोणाशी न बोलता झाडाला एक चक्कर मारली आणि बाकावर बसले.

पूजा झाली. बायकांनी प्रदक्षिणा घातल्या. आईनं नेहमीप्रमाणे आठ घातल्या आणि सूत संपल्यावर टोक खोडाच्या खाचेत खोचलं. साडेअकराला निंबाळकर साहेब आले. पस्तिशीचे असावेत. एकटेच आले होते, शिपाईसुद्धा बरोबर नव्हता, आणि सतरंजीवर मांडी घालून बसायला त्यांनी अजिबात का-कू केली नाही. लाटकरकाकूंनी त्यांना वांग्याचं भरीत तीनदा वाढलं.

"काकू, पुरे. मी झाड बघायला आलोय."

"बघा की. जेवून बघा. उपाशी पोटी माणसाला झाडच दिसत नाही."

"आणि तुमचा तो रूळ," दुसरी कोणी म्हणाली, "त्या संडासाकडून न्या. तिथं कोण जेवायला बसतंय?"

साहेबही हसले. अण्णा हसत नव्हते. ते माझ्या समोर बसले होते आणि त्यांनी भाताला हातही लावला नव्हता.

जेवण झाल्यावर साहेबांनी हात धुतले आणि ते झाडाखाली गेले. आम्हीही सगळे मागोमाग गेलो. त्यांनी एक आवळा उचलला. देठाकडून पाहिला, दाबून पाहिला. दुसरा उचलला. मग मान वर करून बराच वेळ फांद्या पाहत राहिले. वर बारीक पानं होती आणि त्यांतून येणारं ऊन. बाकी काही नव्हतं.

"गद्रे, हे झाड तुम्ही लावलंत ना?"

"हो, साहेब." अण्णा पुढे आले.

"दर वर्षी पडतात?"

"पडतात."

"अशीच? सगळी खाली, वर एकही नाही?"

अण्णांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. लाटकरकाकू म्हणाल्या, "अहो, गद्र्यांची मुलगीच आहे इथं. झाडांचंच शिकते. तिला विचारा ना. सांग गं, सुनीती."

साहेबांनी आवळा माझ्या हातावर ठेवला. "तुम्ही बॉटनीच्या? मग सांगा. हे फळ या झाडाचं आहे का?"

मला तो क्षण नीट आठवतो. आवळा मोठा होता, जवळजवळ लिंबाएवढा, आणि देठ पूर्ण वाळलेला. अण्णा माझ्या उजव्या हाताला होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला प्रश्न विचारला होता आणि प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. मी इतकाच विचार केला.

"नाही," मी म्हणाले. "या झाडाचं नाही."

झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या तेवढंच ऐकू येत होतं.

"म्हणजे झाड फळ धरत नाही."

"आतापर्यंत धरलं नसावं. पण झाडात दोष नाही." मी एक डहाळी वाकवून दाखवली. "एप्रिलमध्ये मी याची फुलं भिंगाखाली पाहिली होती. स्त्रीफुलं होती. थोडी, पण चांगली होती. आवळ्याच्या एकट्या झाडाला बहुतेक वेळा स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा लागतो. गावात जवळपास दुसरा आवळा नाही. झाड चांगलं आहे. एकट्याच्यानं होत नाही, इतकंच."

हे सांगताना मला बरं वाटत होतं. माझं म्हणणं अचूक होतं, आणि त्यानं झाड वाचण्याची शक्यता होती.

साहेबांनी मान डोलावली. "बरोबर आहे. आम्हालाही शिकवलं होतं, लक्षात राहिलं नाही." मग त्यांनी पायाखालच्या गवताकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, पण विचारलं. "मग ही फळं इथं आणून कोणी टाकली?"

लाटकरकाकूंचं तोंड उघडं राहिलं होतं. आईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं खाली ठेवला.

"मी टाकली, साहेब," आई म्हणाली. "पूजेला लागतात म्हणून. फसवायचं मनात नव्हतं."

मी तिच्याकडे पाहिलं. पावणेसातला ती घरी मसालेभाताला फोडणी घालत होती.

"दर वर्षी तुम्हीच?"

"हो. मीच."

"नाही." अण्णांचा आवाज इतका मोठा आला की झोपाळ्यावरची मुलंसुद्धा वळली. ते आईच्या आणि साहेबांच्या मध्ये येऊन उभे राहिले होते. कोटाच्या खिशातून त्यांनी घडी केलेली पिशवी काढली आणि पुढे धरली, जणू कोणी मागितली होती. "तिनं नाही टाकली. मी टाकली. दर वर्षी मीच टाकतो. ती उगाच आपल्यावर घेते. तिचा काही दोष नाही. माझा आहे. तिचा कधीच नव्हता."

नुसत्या आवळ्यांसाठी हे बोलणं फार होतं. साहेबांनाही तसं वाटलं असावं. ते जरा गोंधळले. त्यांनी पिशवी घेतली नाही.

"अहो गद्रे, गुन्हा नाही तो. बसा, बसा तुम्ही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दुसरं झाड लावलं तर किती वर्षं?"

"कलम लावलं तर चार-पाच."

"तोवर माझ्या दोन बदल्या झालेल्या असतील." त्यांनी रूळ जाणार होता तिथल्या खुंट्या पाहिल्या, हौदापर्यंत चालत गेले आणि परत आले. "कलम तुम्ही लावायचं, गद्रे. वीस-पंचवीस फुटांवर. रूळ मी वळवायला सांगतो. पण शेरा तोच राहील. फळ दिसेल त्या दिवशी बदलू."

"त्या संडासाकडून वळवा," लाटकरकाकू म्हणाल्या. त्यांना आवाज परत सापडला होता.

दुपारी बायका सतरंजीवर लवंडल्या. अण्णा बाकावर बसून राहिले, पिशवी गुडघ्यावर. मी आणि आई पातेली घेऊन माळ्याच्या खोपटामागच्या नळावर गेलो. आई राख लावत होती, मी विसळत होते.

"मी त्यांच्याकडे बघायला हवं होतं," मी म्हणाले. "बोलायच्या आधी."

"तुला विचारलं, तू सांगितलंस."

"सकाळी मी त्यांना पाहिलं होतं. टाकताना."

"मग तू आज पाहिलंस." आईनं पातेल्याचं बूड घासायला घेतलं. "मंडईतली आवळेवाली हौसा मला दर वर्षी विचारते. वहिनी, गद्रेसाहेबांनी नेलेले पुरले का म्हणून. यंदा म्हणाली, लग्नकार्य आहे का घरात?"

मी पाणी बंद केलं. "तुला ठाऊक होतं? पहिल्यापासून?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"मग कधी बोलली नाहीस?"

"नळ सोड. राख वाळते."

मी नळ सोडला. आई थोडा वेळ घासत राहिली. ती हळू बोलत असे. पाण्याच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं.

"पहिल्या वर्षी आम्ही इथं जेवायला आलो ना, तेव्हा झाड एवढंसं होतं. लग्नाला आमच्या दहा वर्षं झालेली. लाटकरवहिनींच्या सासूबाई होत्या तेव्हा. त्यांनी झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पंगतीत म्हणाल्या, गद्र्यांच्या घरात सगळंच वांझ. सगळ्या हसल्या. त्याही काही वाईट नव्हत्या. बोलायची पद्धतच होती. हे वाढत होते. ह्यांच्या हातात ताकाचं भांडं होतं."

"अण्णा काय म्हणाले?"

"काही नाही. ताक वाढलं." तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं. "पुढच्या वर्षी आलो तर गवतात आवळे. त्याच सासूबाईंनी ओटी भरून नेले घरी. लोणचं घातलं, मला वाटीभर पाठवलं. त्यानंतर पुन्हा कोणी तो शब्द काढला नाही. निदान माझ्यासमोर."

मी दीड वर्षाची असताना या दोघांनी मला कोल्हापूरच्या एका अनाथाश्रमातून आणलं. ही गोष्ट घरात लपवलेली नव्हती, आणि तिच्याविषयी कधी बोलणंही झालं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर होती तेवढीच. तो पहिला कार्तिक माझ्या येण्याआधी चार वर्षं होता, हे मी मनात मोजलं.

"मला मिरजेला तीन डॉक्टरांनी तपासलं होतं," आई म्हणाली. "त्या आवळ्यांच्या आधीच. तिघांनी तेच सांगितलं. बाई, तुमच्यात काही दोष नाही, आता यजमानांना घेऊन या. मी ह्यांना येऊन सांगितलं. हे म्हणाले, बघू."

"मग?"

"मग काय. बघू म्हणाले. दर वर्षी बघू. मग एक दिवस म्हणाले, आपण मूल आणू या. तू आलीस."

पलीकडे लाटकरकाकूंनी कोणाला तरी हाक मारली. चहा झाला होता.

मला मघाचं माझंच वाक्य आठवलं. झाडात दोष नाही. ते मी सगळ्या गल्लीसमोर, मोठ्यानं म्हटलं होतं, आणि अण्णा हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. आईनं पाहिलं होतं.

"आई, मग आज तू का म्हणालीस? मी टाकली म्हणून?"

आईनं हाताची राख धुतली. पदराला हात पुसले. तिनं खरोखरच विचार केला, असं मला वाटलं.

"सवयीनं," ती म्हणाली आणि पातेलं उचलून चालू लागली.

घरी परतताना अण्णा आमच्या पुढे वीस पावलं चालत होते. मसालेभाताचं रिकामं पातेलं त्यांनी आपणहून डोक्यावर घेतलं होतं. इस्त्रीच्या कोटात. गल्लीतल्या ओट्यावरची माणसं बघत होती. आई म्हणाली, "कोट खराब होईल," पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही.

कलम त्यांनी पुढच्या आषाढात लावलं. पंचवीस फूट टेपनं मोजून. त्याला पाणी घालायला ते माळ्याला हात लावू देत नसत. मला कोल्हापूरला पत्रं येत, त्यांत घरच्या बातम्यांआधी कलमाची उंची असे. रूळ हौदाच्या पलीकडून गेला. निंबाळकर साहेबांची बदली दोनदा नाही, एकदाच झाली.

मधल्या वर्षांत आवळी भोजन झालं तेव्हा गवत रिकामं होतं. लाटकरकाकू पूजेचे आवळे मंडईतून आणत आणि तबकात ठेवत.

१९८७ च्या कार्तिकात मी रजा घेऊन गेले होते. बायका यायच्या आधीच आम्ही तिघं बागेत पोचलो. अण्णांनी लांब काठीनं जुन्या झाडाची एक फांदी खाली ओढली. खोडाकडच्या बाजूला, डहाळ्यांच्या बुडाशी, हिरवे आवळे होते. मी मोजले, त्या एका फांदीवर अकरा. अण्णांनी एक तोडला आणि आईच्या हातावर ठेवला. काही बोलायचं होतं बहुतेक, कारण त्यांनी दोनदा घसा साफ केला.

आईनं आवळा फिरवून पाहिला.

"बारीक आहे," ती म्हणाली. "मंडईतले मोठे असायचे."

अण्णांनी मान खाली घातली. आईनं आवळा पदराला पुसला, दातानं अर्धा तोडला आणि उरलेला त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. तसेच वाकले आणि तिच्या हातातूनच खाल्ला.